देवळीतली बरणी

मुलांनो, या आठवड्यात मी तुम्हाला कानाच्या पडद्याची गोष्ट सांगणार होतो. मागच्या अंकात तसं कबूलही केलं होतं. पण मध्येच एक पत्र आलं आणि कानाचा पडदा पुढच्या आठवड्यावर गेला. रागावू नका. हे पत्र थांबण्यासारखं नव्हतं.

पत्र आलंय बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावहून. केज तालुक्यातलं, मांजरा नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. लिहिणारी मुलगी नववीत शिकते. 'माझं नाव छापू नका, घरचे रागावतील' असं तिनं दोनदा लिहून खाली रेघ मारली आहे. म्हणून नाव राहू दे. पत्र मात्र तिच्याच शब्दांत वाचा :

'डॉक्टरकाका, सा. न. वि. वि. आमच्या मोठ्या आईचं, म्हणजे थोरल्या चुलतीचं, दसऱ्याच्या आधी पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. पिशवीत खडे होते. ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. पोटावर चारच छोटी भोकं आहेत. तिसऱ्या दिवशी ती चालत घरात आली. दिवाळी झाल्यावर ती आणि मोठे बाबा टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर गेले. मुकादमाची उचल घेतली होती, म्हणून जावंच लागलं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एक प्लास्टिकची बरणी दिली होती. तिच्यात ती पिशवी आहे. ही तपासायला द्या, असं सांगितलं होतं. पण तेव्हा पैसे संपले होते, मग राहूनच गेलं. आता बरणी आमच्या देवळीत आहे, आजीच्या औषधांच्या मागं. मी धाकट्या काकाला म्हटलं की बरणी द्यायची राहिली. तर तो म्हणाला, डॉक्टरांनी दुर्बीण आत घालून टीव्हीवर समदं बघितलंय, आता आणखी काय बघायचं ऱ्हायलंय? काकाचं बरोबर आहे का? आणि बरणी कुठं टाकून द्यायची?'

(शहरातल्या वाचकांसाठी : देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा.)

पत्र वाचून झाल्याबरोबर मी काय केलं असेल? अंकात उत्तर छापून यायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून आधी एक कार्ड घेतलं आणि चार ओळी लिहून त्याच दिवशी पेटीत टाकलं. 'बरणी टाकू नकोस. झाकण उघडू नकोस, आतलं पाणी डोळ्यांना आणि हाताला झोंबतं. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन अंबाजोगाईला पाठव, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी विभाग आहे. सोबत ऑपरेशनचं कार्ड न विसरता द्या.' एवढंच. एवढी घाई का, ते आज तुम्हा सगळ्यांना सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट. काकाला हसू नका हं. त्याचा प्रश्न चांगला आहे, अगदी नेमका आहे. हाच प्रश्न मला पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलाय. त्यांच्या बरण्या देवळीत नसतात, फ्रीजवर असतात, इतकाच फरक.

आता ही पित्ताची पिशवी म्हणजे काय ते पाहू. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला यकृत असतं. ते दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. हे हिरवट-पिवळं, कडू पाणी आपण खाल्लेलं तेल-तूप पचवायला लागतं. जेवण नसेल तेव्हा ते साठवायचं कुठं? त्यासाठी यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली एक लहानशी पिशवी असते. लांबीला तीन-चार इंच, आत मावणार जेमतेम अर्धा कप चहा. ती नुसती साठवत नाही, पित्तातलं पाणी शोषून ते घट्टही करते. आणि असं घट्ट होता होता कधी कधी त्यात खडे धरतात. कुणाचे मोहरीएवढे, कुणाचे बोराएवढे. पुष्कळांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. पण एखादा खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की माणूस कळवळतो.

ज्यांच्या घरी मटण होतं, त्यांनी खाटकाला कलेजी सोडवताना पाहिलं असेल. एरवी सपासप चालणारा त्याचा हात इथं आला की मऊ होतो. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी तो अगदी अलगद काढतो. कारण ती फुटली तर सगळी कलेजी कडूजहर होते आणि गिऱ्हाईक भांडतं. खाटकाचा हा हलका हात लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

माणसाच्या पोटातून ही पिशवी पहिल्यांदा काढली ती बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जननं, १५ जुलै १८८२ रोजी. त्याच्या आधी डॉक्टर पिशवीला छेद देऊन खडे काढत आणि पिशवी तिथंच ठेवत. लांगेनबुखचं म्हणणं साधं होतं : खडे ही पिशवीच बनवते ना, मग पिशवीच काढा. त्यानंतर शंभर वर्षं हेच चाललं. बरगडीखाली वीतभर चीर, आठवडा-दहा दिवस दवाखाना, महिना-दीड महिना घरी. मी शिकत होतो तेव्हा असंच ऑपरेशन पाहिलं. त्या काळात मोठी आई असती तर तिचा ऊसतोडीचा निम्मा हंगाम खाटेवर गेला असता.

मग १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्याच ब्योब्लिंगेन गावात एरिश म्यूहे या सर्जननं पोट न चिरता, लहानशा छिद्रातून नळी घालून पिशवी काढली. पुढच्या वर्षी सर्जनांच्या परिषदेत त्यानं हे सांगितलं, तर लोकांनी त्याची चक्क टिंगल केली. कुणी म्हणालं ही मिकी माऊस सर्जरी. कुणी म्हणालं, लहान मेंदूच्या डॉक्टराची लहान चीर! सहा-सात वर्षांत वारं फिरलं आणि १९९२ साली त्याच जर्मन संस्थेनं त्याला गौरवलं. मोठ्यांच्या परिषदाही कधी कधी आपल्या वर्गासारख्याच असतात, नाही का?

आपल्याकडे हे ऑपरेशन पहिल्यांदा झालं मे १९९० मध्ये, मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात. सरकारी रुग्णालयात, बरं का. करणारे होते डॉ. तेहेम्टन उडवाडिया. त्यानंतर काही महिन्यांनी पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ते केलं. आज तालुक्याच्या गावीसुद्धा ते होतं. डॉ. उडवाडियांचं नाव पुन्हा एकदा येणार आहे, तेव्हा तेही लक्षात ठेवा.

दुर्बिणीचं ऑपरेशन कसं करतात? आधी पूर्ण भूल देतात. मग बेंबीशी लहान छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. हो, सोड्याच्या बाटलीतला तोच. तीनेक लिटर वायू गेला की पोट फुग्यासारखं वर उचललं जातं आणि आतड्यांपासून वेगळी अशी मोकळी जागा मिळते. साधी हवा का नाही भरत? कारण हा वायू पेट घेत नाही, आणि आत जे इलेक्ट्रिकचं तापतं हत्यार वापरतात त्याला तेच बरं. शिवाय तो रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. मग बेंबीच्या छिद्रातून जवळजवळ बोटाएवढी जाड नळी आत जाते. तिच्यातून दिवा आणि कॅमेरा. बाकीच्या छिद्रांतून लांब दांड्याचे चिमटे आणि कात्री. डॉक्टर पोटाकडे पाहतच नाहीत, समोरच्या टीव्हीकडे पाहतात. आणि गंमत म्हणजे हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, कारण छिद्रापाशी दांडा सी-सॉसारखा टेकलेला असतो. सवय व्हायला वेळ लागतो.

पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी यांना टिटॅनियमच्या बारीक चापांनी बंद करून कापतात. आणि मग भाकरीचा पापुद्रा सोडवावा तशी पिशवी यकृतापासून सोडवत आणतात. हा पापुद्राही ध्यानात ठेवा. आज मी तुम्हाला बरंच काही लक्षात ठेवायला सांगतोय, पण इलाज नाही.

आता येऊ काकाच्या प्रश्नाकडे. डॉक्टरांनी टीव्हीवर काय पाहिलं? पिशवी पाहिली. पण कुठून? बाहेरून! दुर्बीण पोटाच्या आत होती, पिशवीच्या आत नव्हती. बंद पाकीट चारी बाजूंनी कितीही निरखलं तरी आतलं पत्र वाचता येत नाही. आणि पिशवीचा कॅन्सर जेव्हा सुरू होतो, तेव्हा तो आतल्या अस्तरात सुरू होतो. अगदी सुरुवातीला बाहेरून पिशवी छान निळसर-हिरवी, नेहमीसारखीच दिसते. सोनोग्राफीत खडे दिसतात, तेवढंच.

हं, घाबरून जाऊ नका. खडे असलेल्या बहुतेक माणसांना हा कॅन्सर कधीच होत नाही. खड्यांसाठी म्हणून काढलेल्या शंभर पिशव्या तपासल्या तर एखादीत तो सापडतो, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. आपल्या देशात तो गंगेच्या पट्ट्यात, उत्तर प्रदेश-बिहारकडे, जास्त दिसतो. महाराष्ट्रात त्या मानानं कमी. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. हे कसं कळलं? मोजणाऱ्यांमुळे. तुमच्या युसूफ वडगावपासून फार लांब नाही, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. तिथल्या लोकांनी १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत जाऊन कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला सुरुवात केली. खेड्यांतल्या कॅन्सरची अशी नोंदवही देशात ती पहिलीच. त्याआधी शहरांचेच आकडे असत आणि खेड्याचा नुसता अंदाज.

तर शंभरात एखादी. मग उरलेल्या नव्व्याण्णव बरण्या कशाला न्यायच्या? कारण शंभरांतली ती एक कुठली, हे बरणीकडे पाहून ओळखता येत नाही. काही सर्जन पिशवी बाहेर आली की तिथंच चिरून आतून पाहतात. फार चांगली सवय आहे. पण कोवळा कॅन्सर नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यासाठी दुसरी दुर्बीण लागते. आपल्याकडे लोक सूक्ष्मदर्शकालाही दुर्बीणच म्हणतात, म्हणून तर गोंधळ होतो. पहिली दुर्बीण सर्जनची. दुसरी माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टची. मी जन्मभर या दुसरीच्या मागं बसलो, तेव्हा तिच्याबद्दल जरा जास्त बोललो तर समजून घ्या.

बरणीत असतं फॉर्मालिन. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक, साप ज्या पाण्यात वर्षानुवर्षं ठेवलेले असतात, तेच. त्यात ठेवलेलं मांस कुजत नाही. पिशवीच्या दहापट तरी फॉर्मालिन हवं. मी नोकरीत असताना लोकांनी काय काय आणलं म्हणता! कुणी लोणच्याच्या बरणीत साधं पाणी घालून आणलं, कुणी कोरडीच पिशवी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दोन दिवस एसटीतून. अशी सडलेली पिशवी काही सांगत नाही. उन्हाळ्यात तर झाकण उघडायच्या आधीच कळायचं.

चांगली राहिलेली पिशवी आली की आम्ही ती उभी चिरतो. आतलं अस्तर मखमलीसारखं असतं, त्यावर जाळीची नक्षी. कुठं जाड झालंय का, कुठं खरखरीत आहे का, ते बोटानं चाचपतो. मग नळीकडच्या टोकाचा, मधला आणि बुडाचा असे तुकडे घेतो. त्यातलं पाणी अल्कोहोलनं काढून तिथं मेण भरतो. हो, मेणच. मेणाची वडी झाली की यंत्रावर तिचे काप काढतो, एका मिलिमीटरच्या जागेत दोन-अडीचशे काप मावतील इतके पातळ. मग रंगवतो. त्यातला जांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून निघतो. काचेवर जांभळी-गुलाबी नक्षी उमटते आणि पेशी दिसू लागतात. चांगल्या पेशी रांगेत उभ्या असतात, प्रार्थनेला उभ्या मुलांसारख्या. कॅन्सरच्या पेशी रांग मोडतात, एकमेकींच्या डोक्यावर चढतात, आणि त्यांची केंद्रकं वेडीवाकडी मोठी होतात.

समजा, सापडला कॅन्सर. मग आम्ही पाहतो तो किती खोल गेलाय. पिशवीच्या भिंतीला थर असतात : आत अस्तर, मग स्नायूचा थर, त्याबाहेर पातळ जाळीदार थर. कॅन्सर अस्तरातच असेल, स्नायूपर्यंत पोचलाच नसेल आणि पिशवी न फुटता आख्खी निघाली असेल, तर झालेलं दुर्बिणीचं ऑपरेशनच बहुधा पुरतं. पोटावरची तीच चार भोकं. रुग्ण बरा. मला विचाराल तर दुर्बिणीचं हे सगळ्यात मोठं काम, आणि ते करताना सर्जनला ठाऊकही नसतं की आपण कॅन्सर काढतोय.

पण तो स्नायूत किंवा त्याच्याही पलीकडे गेला असेल तर? आता तो पापुद्रा आठवा. सर्जननं पिशवी सोडवताना तो स्नायूच्या जरा बाहेरून सोडवलेला असतो. यकृताच्या बाजूनं पिशवीला बाहेरचं वेगळं आवरण नसतंच, ती थेट यकृताला टेकलेली असते. म्हणजे पापुद्र्याचा एक पदर यकृतावर राहिला, आणि त्याच्यात चुकार पेशी राहिल्या असू शकतात. मग दुसरं ऑपरेशन करावं लागतं. पिशवी जिथं चिकटली होती तिथला यकृताचा थोडा भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढतात. हे ऑपरेशन मोठ्या केंद्रात, हातखंडा असलेल्या डॉक्टरांकडे करायचं. आणि साधारण महिना-दोन महिन्यांच्या आत केलेलं बरं.

महिना-दोन महिने! मोजा बरं. दसऱ्याआधी ऑपरेशन. दिवाळी गेली. टोळी गेली. पत्र मला मिळालं तेव्हा बरणीला देवळीत सहा आठवडे झाले होते. रिपोर्टला आणखी आठ-दहा दिवस. म्हणून ते कार्ड त्याच दिवशी पेटीत टाकलं.

यात एक विचित्र गोष्ट आहे, ती मला बरीच वर्षं खटकते. वीतभर चिरीच्या काळात रुग्ण दहा दिवस दवाखान्यात असायचा. तेवढ्यात रिपोर्ट हातात येई किंवा निदान आठवण तरी होई. दुर्बिणीनं ऑपरेशन इतकं सोपं केलं की माणूस तिसऱ्या दिवशी घरी आणि महिन्याभरात कामावर. सोप्या ऑपरेशनची बरणीही लोकांना किरकोळ वाटायला लागली.

आता दुसरी बाजू. समजा, ऑपरेशनच्या आधीच शंका आली. सोनोग्राफीत पिशवीची भिंत एका जागी जाड दिसली, किंवा आत न हलणारी गाठ दिसली. मग दुर्बीण वापरायची की नाही?

१९९०च्या दशकात याचं उत्तर होतं : मुळीच नाही. का, तर तेव्हा जगभर धडाक्यात दुर्बिणीची ऑपरेशनं सुरू झाली होती आणि ठिकठिकाणचे सर्जन एक भयंकर गोष्ट कळवू लागले. पिशवी काढली, तिच्यात नकळत कॅन्सर निघाला, आणि काही महिन्यांनी पोटावरच्या त्या छोट्या छिद्राच्या जागीच गाठ आली! इथं खाटकाचा हलका हात आठवा. पिशवी ओढताना फाटली, पित्त सांडलं, तर त्या पित्ताबरोबर कॅन्सरच्या पेशीही पोटात सांडतात. कलेजी कडू होते ती धुता तरी येते. सांडलेल्या पेशी वेचता येत नाहीत. आणि अरुंद छिद्रातून उघडीच पिशवी घासत बाहेर काढली, तर छिद्राला पेशी लागतात. म्हणून शहाण्या सर्जननं दोन नियम केले. पिशवी फुटू द्यायची नाही. आणि बाहेर काढताना ती आधी आतल्या आत एका प्लास्टिकच्या थैलीत घालायची, मग थैलीसकट ओढायची. साधी युक्ती, पण शिकायला काही रुग्णांची किंमत मोजावी लागली.

मग कॅन्सरच्या रुग्णाला दुर्बीण लावायचीच नाही का? लावायची. पण काढायला नव्हे, आधी बघायला. इथं डॉ. उडवाडिया पुन्हा येतात. १९९० साली त्यांनी पिशवी काढली खरी, पण दुर्बीण त्यांच्या हाती जे. जे.मध्ये १९७२ पासून होती. तेव्हा ना सोनोग्राफी सर्रास होती, ना सी.टी. स्कॅन. पोटात टीबी आहे की कॅन्सर की आणखी काही, हे कळायला पोट चिरून पाहावं लागे. ते म्हणत, चिरण्याआधी एका छिद्रातून डोकावून तर पाहू. टीव्हीसुद्धा नव्हता, डॉक्टर नळीला डोळा लावून बघत. २०२३च्या जानेवारीत डॉ. उडवाडिया वारले. पण डोकावून पाहण्याची ही रीत पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये आज फार उपयोगी पडते.

कशी ते ऐका. हा कॅन्सर तांदळाच्या कणीएवढे बारीक दाणे यकृतावर आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर पेरतो. सी.टी. स्कॅनला ते पुष्कळदा दिसत नाहीत. असे दाणे पसरलेले असले, तर मोठं ऑपरेशन करून रुग्णाचा फायदा नसतो, नुसताच त्रास होतो. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातल्या डॉ. अनिल अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी या कॅन्सरच्या ४०९ रुग्णांच्या पोटात मोठ्या ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीनं डोकावून पाहिलं. ९५ जणांत असे दाणे पसरलेले निघाले. म्हणजे दर शंभरांत तेवीस! त्या ९५ जणांची वीतभर चीर वाचली. ऑपरेशनने ते बरे होणार नव्हते, हे खरं. पण हाती असलेले दिवस त्यांना दवाखान्यात पोटाची जखम सांभाळत काढावे लागले नाहीत, औषधोपचार लवकर सुरू करता आले. यालाही मी मोठं काम म्हणतो. तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही तसंच वाटेल.

आणि आता तर गाडी आणखी पुढे गेली आहे. कोरिया, जपान आणि आपल्या देशातल्याही काही मोठ्या केंद्रांत निवडक रुग्णांमध्ये, कॅन्सर लवकर सापडलेला असेल तर, यकृताचा तुकडा आणि ग्रंथींसकट सगळं ऑपरेशन दुर्बिणीनं करतात. निकाल वीतभर चिरीच्या तोडीचे येतात, असं त्यांचं म्हणणं आहे. माझं मत विचाराल तर, हे ज्यांनी अशी पुष्कळ ऑपरेशनं केली आहेत त्यांनीच करावं. शंका असलेली पिशवी साध्या खड्याच्या पिशवीसारखी घाईनं काढायला जाऊ नये. शंका आली तर गावातल्या सर्जननं थांबून रुग्णाला पुढे पाठवलं, तर ते त्याचं कमीपण समजू नका. थांबता येणं हेही शिकावं लागतं.

चला, युसूफ वडगावला परत जाऊ. हा लेख लिहून झाला आणि काल दुसरं पत्र आलं.

बरणी काकानंच नेली. एसटीत मांडीवर घट्ट धरून बसला होता. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? तर म्हणाला, लोणचं. अंबाजोगाईला बरणी घेतली, कार्ड पाहिलं, ऑपरेशनची तारीख विचारली, इतके दिवस कुठं होती म्हणून विचारलं आणि एक नंबर दिला. नशीब, बरणीत फॉर्मालिन भरपूर होतं. नऊ दिवसांनी काका पुन्हा जाऊन रिपोर्ट घेऊन आला. त्यातली इंग्रजी वाक्यं मुलीनं जशीच्या तशी उतरवून पाठवली आहेत. त्यांचा अर्थ असा : खड्यांमुळे पिशवीला जुनी सूज होती, कॅन्सर नाही. तिनं कारखान्यावर मोठ्या आईला फोन केला. मोठी आई म्हणाली, 'बरणी अजून घरातच हुती व्हय गं?' तिला वाटत होतं, ती कधीच दिली.

पत्राच्या शेवटी मुलीनं नवा प्रश्न विचारलाय : मोठ्या आईच्या पिशवीची ती मेणाची वडी आता कुठं गेली?

अगं, ती तिथंच आहे. अशा वड्या नंबर घालून वर्षानुवर्षं जपून ठेवतात. उद्या कुणा डॉक्टराला पुन्हा पाहावंसं वाटलं, तर तिचाच नवा काप काढता येतो. म्हणून तो नंबर मोठ्या आईच्या ऑपरेशनच्या कार्डावर शाईनं लिहून ठेव. आणि ते कार्ड देवळीत नको, तुझ्या दप्तरात नको, घरची रेशनकार्डं जिथं असतात तिथं ठेव.

पुढच्या आठवड्यात कानाचा पडदा. या वेळी नक्की.